विश्लेषण : वाळू, कोळसा, तुसाची राख… घरी बनवलेला फिल्टर पाणी नुसते निवळतो की पिण्याजोगेही करतो?

मुंबई-पुणे जुना महामार्ग आणि मुंबई-गोवा महामार्ग जिथे वेगळे होतात तो पळस्पे फाटा बहुतेकांना वाहतूक कोंडीमुळे ठाऊक आहे. पनवेल तालुक्यातल्या या पट्ट्यात पावसाळा सुरू झाला की घराघरांत वेगळीच तक्रार ऐकू येते. पाणी गढूळ येते. विहिरीचे, टँकरचे, कधी नळाचेही. त्याच सुमारास मोबाइलवर एक व्हिडिओ फिरू लागतो. प्लास्टिकची बाटली बुडाशी कापलेली, ती उलटी धरून तोंडात कापूस कोंबलेला, वर कोळशाचा चुरा, त्यावर वाळू, सगळ्यात वर खडी. वरून चहाच्या रंगाचे पाणी ओतले जाते आणि खालच्या ग्लासात काचेसारखे पाणी पडते. पुढच्या क्षणी कोणीतरी तो ग्लास तोंडाला लावतो.

प्रयोग खरा असतो. वाळूने गाळ अडतो, कोळशाने वास कमी होतो. फक्त शेवटचा तो घोट व्हिडिओत नको होता.

वाळू नेमके काय अडवते?

हे समजायला थोडे आकडे लागतात. घरबांधणीची चाळलेली वाळू घेतली तर तिचा कण साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे ५०० मायक्रॉनचा असतो. असे कण एकमेकांना टेकले की त्यांच्यामध्ये जी फट राहते ती साधारण ७० ते ८० मायक्रॉनची. माणसाचा केसही जवळपास तेवढाच जाड असतो. जुलाबाला कारण ठरणाऱ्या ई. कोलाय जिवाणूची लांबी एक ते दोन मायक्रॉन, आणि रोटाव्हायरस तर ०.०७ मायक्रॉन. म्हणजे वाळूच्या फटीतून ई. कोलायने जाणे हे पळस्पे फाट्यावरून रात्री तीन वाजता सायकल जाण्यासारखे आहे. अडवणारे कोणी नाही.

मग शहरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांत वाळू का वापरतात? कारण तिथे वाळू एकटी नसते. तुरटी किंवा तत्सम रसायनाने गाळाचे पुंजके आधी खाली बसवले जातात, त्यानंतर वाळूचा थर येतो आणि शेवटी क्लोरीन. वाळूचा दुसरा, जुना प्रकार म्हणजे संथ वाळू गाळणी. १८०४ मध्ये स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावात जॉन गिब यांनी तो वापरात आणला आणि १८२९ मध्ये लंडनच्या चेल्सी वॉटरवर्क्सने तो शहरासाठी वापरला. या गाळणीत पाणी तासाला जेमतेम दहा-वीस सेंटिमीटर इतक्या संथ गतीने उतरते. दोन-तीन आठवड्यांत वाळूच्या वरच्या थरावर सूक्ष्मजीवांचा एक चिकट पापुद्रा तयार होतो आणि रोगजंतू अडवण्याचे, खाण्याचे मुख्य काम तो पापुद्रा करतो. १८९२ मध्ये हॅम्बुर्गमध्ये कॉलऱ्याने साडेआठ हजारांवर माणसे मेली. त्याच एल्ब नदीचे, तेही हॅम्बुर्गच्या खालच्या बाजूचे, पाणी पिणारे शेजारचे आल्टोना शहर मात्र बऱ्यापैकी वाचले. आल्टोनात पाणी वाळूतून गाळले जात होते, हॅम्बुर्गमध्ये नव्हते.

बाटलीतल्या फिल्टरमध्ये वाळूचा थर चार बोटे असतो, पाणी मिनिटभरात खाली येते आणि प्रयोग संपला की वाळू फेकून दिली जाते. पापुद्रा तयार होण्याचा प्रश्नच येत नाही.

आजीची साडी विज्ञानात पास झाली, पण एका विषयात

घरगुती साहित्याची सर्वांत गंभीर चाचणी झाली ती साडीची. हंड्याच्या तोंडाला सुती फडके बांधून पाणी गाळणे कोकणात नवे नाही. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळण्याच्या उपायांत निवळीच्या बियांबरोबर वस्त्राचेही नाव आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ रीटा कोलवेल यांच्या गटाने बांगलादेशातल्या मतलब भागात ६५ गावांमध्ये हे फडके तपासले. २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : साडी चार ते आठ पदरी घडी घालून पाणी गाळणाऱ्या गावांत कॉलऱ्याचे रुग्ण ४८ टक्क्यांनी घटले. गंमत म्हणजे नव्या साडीपेक्षा धुऊन धुऊन मऊ झालेली जुनी साडी चांगली. धागे विसविशीत झाले की छिद्रे बारीक होतात, जवळपास २० मायक्रॉनपर्यंत.

पण कॉलऱ्याचा जिवाणूही एक-दोन मायक्रॉनचाच असतो. मग २० मायक्रॉनच्या छिद्रांनी तो अडला कसा? तो त्या भागातल्या तळ्या-नद्यांमध्ये बहुतांशी सुटा फिरत नाही. कोपेपॉड नावाच्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या जलचरांच्या अंगाला तो चिकटलेला असतो. साडी त्या जलचराला अडवते आणि जिवाणू त्याच्याबरोबर अडकतो. ई. कोलाय, टायफॉइडचा जिवाणू किंवा काविळीचे विषाणू यांना असे वाहन लागत नाही, ते सरळ फडक्यातून जातात. त्यामुळे ‘साडीने कॉलरा निम्म्यावर आला’ हे वाक्य खरे असले तरी त्यावरून ‘साडीने पाणी शुद्ध होते’ असे म्हणता येत नाही. व्हॉट्सॲपवर फिरताना मात्र पहिल्याचे दुसरे व्हायला दोन फॉरवर्ड पुरतात.

तुसाची राख : पुण्यात झालेला प्रयोग

भातगिरणीच्या मागे तुसाचे ढीग हे रायगडात कोणालाही नवीन नाही. पनवेल तर एकेकाळी भातगिरण्यांसाठीच ओळखले जायचे. त्यामुळे घरगुती फिल्टरच्या चर्चेत तुसाची राख येणे इथे साहजिक आहे, आणि या राखेची गोष्ट महाराष्ट्रातच घडली आहे.

पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये तुसाच्या राखेवर काम झाले. राखेत बहुतांश सिलिका असते, थोडा कार्बन असतो आणि कण अतिशय सच्छिद्र असतात. ही राख सिमेंट आणि खड्यांबरोबर बसवून ‘सुजल’ नावाचा साधा, विजेशिवाय चालणारा फिल्टर बनवला गेला. २००४ च्या त्सुनामीनंतर मदतकार्यात तो वापरलाही गेला. कचरा समजल्या जाणाऱ्या वस्तूपासून बनलेला, गावात तयार करता येणारा फिल्टर, म्हणजे आज रीलमध्ये दाखवतात त्याचेच अभ्यासपूर्ण रूप.

पण संशोधन तिथे थांबले नाही, आणि का थांबले नाही हे इथे महत्त्वाचे आहे. नुसती राख गाळ, रंग, वास आणि बरेचसे जिवाणू काढत होती, सगळे नाही. म्हणून पुढे त्याच राखेवर चांदीचे नॅनोकण बसवले गेले आणि डिसेंबर २००९ मध्ये ‘टाटा स्वच्छ’ बाजारात आला, ७४९ आणि ९९९ रुपयांना. त्याच्या बल्बची क्षमता तीन हजार लिटरची आणि ती संपली की पाणी आपोआप बंद होण्याची सोय होती. ती सोय म्हणजे फिल्टर संपतो याची कबुलीच. घरच्या बाटलीतला फिल्टर कधी संपला हे कोण सांगणार? तो पाणी सोडतच राहतो, आणि ओल्या कापसात जिवाणूंची वस्ती वाढतच राहते. दोन आठवडे वापरलेल्या घरगुती फिल्टरमधून बाहेर पडणारे पाणी आत जाणाऱ्या पाण्यापेक्षा वाईट असू शकते.

इथे टक्केवारीचाही घोळ होतो. ९० टक्के जिवाणू काढले, हे ऐकायला परीक्षेतल्या गुणांसारखे छान वाटते. पाण्यात लिटरला एक लाख जिवाणू असतील तर त्यातले दहा हजार उरले. ९९ टक्के काढले तरी हजार उरले. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय एकही आढळता कामा नये. जागतिक आरोग्य संघटना घरगुती शुद्धीकरण साधनांना तारे देते. त्यात दोन ताऱ्यांसाठी ९९ टक्के जिवाणू आणि ९९.९ टक्के विषाणू निघावे लागतात, तीन ताऱ्यांसाठी ९९.९९ आणि ९९.९९९. बाटलीतली वाळू या वर्गातच बसत नाही.

नळाच्या पाण्याला कोळसा दाखवणे उलटे पडू शकते

चुलीतला किंवा बार्बेक्यूचा कोळसा आणि फिल्टरमधला ॲक्टिव्हेटेड कार्बन यांना रील बनवणारे एकच समजतात. नारळाच्या करवंटीचा कोळसा ८०० ते १००० अंश तापमानाला वाफेत भाजला की त्यात असंख्य सूक्ष्म पोकळ्या तयार होतात आणि एका ग्रॅमला हजार चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग मिळतो. वास, रंग, काही कीटकनाशके आणि क्लोरीन त्याला चिकटतात. चुलीतल्या कोळशात हे बळ फारच कमी, शिवाय त्याची राख पाण्यात उतरते ती वेगळीच.

आता पनवेल परिसरातल्या ज्या घरांना प्रक्रिया केलेले नळपाणी मिळते त्यांचा विचार करा. त्या पाण्यात थोडे क्लोरीन मुद्दाम शिल्लक ठेवलेले असते, नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम. वाटेत पाइप फुटला, गटाराचे पाणी शिरले, घरच्या टाकीत काही पडले, तर पहारा देणारे तेवढेच असते. काहींना त्याचा वास आवडत नाही म्हणून ते पाणी कोळशातून आणि कापसातून गाळतात. वास जातो, कारण क्लोरीन जाते. चव सुधारली म्हणून घरचे खूश, आणि पाण्याचा एकमेव रखवालदार नोकरीवरून काढलेला. असे गाळलेले पाणी दिवसभर माठात ठेवून प्यायले तर फिल्टर नसलेलाच बरा.

तुरटीबद्दल मात्र चांगले बोलायला हरकत नाही. गढूळ पाण्यातले मातीचे कण ऋण भाराचे असतात, म्हणून एकमेकांना ढकलत तरंगत राहतात. तुरटीतला धन भाराचा ॲल्युमिनियम त्यांना एकत्र आणतो, पुंजके होतात, तळाशी बसतात. खडा हंड्यात दोन-चार वेळा फिरवावा, पाणी तासभर न हलवता ठेवावे आणि वरचे अलगद ओतून घ्यावे. खडा रात्रभर पाण्यात सोडून देण्यात अर्थ नाही, नको तेवढा ॲल्युमिनियम उतरतो. शेवग्याच्या बियांची पूड याच पद्धतीने काम करते, पण बियांचा सेंद्रिय अंश पाण्यात राहतो आणि ते पाणी लवकर खराब होते. तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलेल्या पाण्यातले जुलाबाचे जिवाणू मेल्याचे बेंगळूरुच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले होते. तेवढा वेळ कोणी थांबते का, हा भाग निराळा.

पाइनच्या फांदीतून पाणी गाळण्याचा एमआयटीचा प्रयोग इथल्या झाडांवर करून पाहू नये. २०१४ मधला तो प्रयोग सूचिपर्णी झाडांच्या लाकडावर अवलंबून आहे. आंबा-सागाच्या लाकडातल्या नळ्या लांब आणि रुंद असतात, जिवाणू त्यातून आरामात जातो.

टीडीएस पेन आणि ‘पाणी काळे पडण्याचा’ खेळ

मग फिल्टर चालतो की नाही हे तपासायचे कसे? बहुतेक जण टीडीएस पेन काढतात. ऑनलाइन स्वस्तात मिळते, आकडा दाखवते, त्यामुळे वैज्ञानिक वाटते. पण ते पेन फक्त पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते. ई. कोलायने भरलेल्या विहिरीच्या पाण्याचा टीडीएस १५० येऊ शकतो आणि निर्धोक बोअरच्या पाण्याचा ४५०. मानकानुसार ५०० पर्यंतचा टीडीएस तर चांगलाच. वाळू-कोळशाच्या फिल्टरने टीडीएस कमी होत नाही, राखेमुळे उलट वाढू शकतो. जंतूंबद्दल हे यंत्र आंधळे आहे.

दारावर येणारे काही विक्रेते याहून पुढचा खेळ करतात. दोन ग्लासांत विजेच्या कांड्या बुडवतात, एक ग्लास काळपट-तपकिरी होतो आणि ‘हे तुम्ही पिता’ असे सांगतात. ते तपकिरी म्हणजे लोखंडी कांडीचा गंज. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि कांडी झिजते. आरओच्या पाण्यात क्षार नाहीत म्हणून वीज वाहत नाही, पाणी स्वच्छ दिसते. चिमूटभर मीठ टाकले तर तोच आरओचा ग्लास काळा पडेल. पुढच्या वेळी विक्रेत्यासमोर हे करून पाहावे.

जंतूंसाठी सोपी चाचणी आहे आणि ती भारतात विकसित झालेली आहे. १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या मांजा, मौर्य आणि राव या शास्त्रज्ञांनी एचटूएस व्हायलची पद्धत मांडली. छोट्या निर्जंतुक बाटलीत पोषक द्रव्य लावलेला कागद असतो. खुणेपर्यंत पाणी भरायचे, झाकण लावायचे आणि उबदार जागी २४ ते ४८ तास ठेवायचे. पाणी काळे पडले तर विष्ठेतून येणारे जिवाणू असण्याची दाट शक्यता. काही भूजलात आधीपासून सल्फाइड असते, तिथे ही चाचणी खोटी घंटा वाजवू शकते, आणि विषाणू तिला कळत नाहीत. तरीही टीडीएस पेनपेक्षा ती कितीतरी प्रामाणिक. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्यामुळे ग्रामपंचायतीत याची विचारणा करायला हरकत नाही.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी हाच बाटलीचा फिल्टर मांडला जातो आणि सर्वांत स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याला बक्षीस मिळते. खरे तर इथेच बदल व्हायला हवा. मुलांनी तीन व्हायल भराव्यात : न गाळलेले पाणी, फिल्टरचे पाणी, आणि तुलनेसाठी उकळून गार केलेले. तेच पुन्हा सातव्या आणि पंधराव्या दिवशी, फिल्टर तोच ठेवून. पहिल्या दिवशी ग्लास स्वच्छ आणि व्हायल काळी, असे दोन्ही शेजारी ठेवलेले चित्र मुलांच्या डोक्यात आयुष्यभर राहील. फिल्टर नापास झाला तरी प्रकल्पाला गुण द्यावेत, कारण चाचणी पास झालेली असते.

घरात काय करावे?

गढूळ पाणी असेल तर तुरटी, मग चार-आठ पदरी स्वच्छ सुती फडके, मग उकळणे किंवा क्लोरीन. हा क्रम बदलू नये. गढूळ पाण्यात थेट मेडिक्लोर किंवा क्लोरीनची गोळी टाकली तर क्लोरीन मातीतच खर्ची पडते. प्रमाण बाटलीवर किंवा पाकिटावर लिहिल्याप्रमाणे ठेवावे, टाकल्यावर अर्धा तास थांबावे. उकळताना पाण्याला खळखळून उकळी आली की एक मिनिट पुरते, दहा मिनिटे गॅस जाळण्याची गरज नाही. बाटली सहा तास उन्हात ठेवून पाणी निर्जंतुक करण्याची पद्धतही सिद्ध आहे, पण कोकणात जुलै महिन्यात ऊन कुठून आणायचे? गरज नेमकी तेव्हाच असते.

या सगळ्यात बाटलीतल्या फिल्टरला जागा आहे, ती फडक्याच्या शेजारी. उकळण्याच्या किंवा क्लोरीनच्या आधी गाळ काढायला तो चालेल. त्यांच्याऐवजी चालणार नाही.

रसायनांचे मात्र यातल्या कशानेच काही होत नाही. पनवेल तालुक्यातच तळोजा औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्यामुळे कासाडी नदीचे काय झाले, हा विषय राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला आहे. २०१७ मध्ये तळोज्यात निळे झालेले कुत्रे देशभर गाजले होते. अशा पाण्याचा संशय असेल तर उकळणे उपयोगाचे नाही, उकळल्याने पाणी आटते आणि रसायन उलट दाट होते. तिथे स्रोत बदलणे आणि प्रयोगशाळेचा अहवाल मागणे एवढेच उरते.

आणि अहवाल मागणे हे ‘घरगुती उपाय’ या नावाखाली विसरले जाते, हीच खरी चिंता. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण वाढले. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू सापडला आणि बोट दूषित पाण्याकडे गेले. राज्यात रुग्णसंख्या दोनशेच्या वर गेली. त्या तपासात खासगी आरओ प्लांटच्या पाण्यातही दोष आढळले आणि महापालिकेला ते बंद करावे लागले. म्हणजे लोक पैसे मोजून ‘शुद्ध’ पाणी घेत होते आणि तपासणी कोणीच करत नव्हते. हजारो यंत्रे असताना ही अवस्था असेल तर बाटलीतल्या वाळूवर जबाबदारी टाकून यंत्रणेला मोकळे करणे परवडणारे नाही. शहरालगतच्या गावांचा तोंडवळा शहरी होतो, इमारती उभ्या राहतात, पण पाणी कधी विहिरीचे, कधी टँकरचे. टँकर कुठे भरला हे विचारले तर उत्तर मिळत नाही. पळस्पे परिसरासारख्या झपाट्याने वाढणाऱ्या गावांनी हे प्रश्न विचारायला हवेत.

राज्यात ग्रामपंचायतींच्या पाणी स्रोतांचे वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, स्वच्छता सर्वेक्षण होते आणि जोखमीनुसार लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे, हे ग्रामसेवकाला विचारता येते. विहिरीत टीसीएल पावडर शेवटची कधी टाकली, ती जलसुरक्षकाच्या नोंदवहीत आहे का आणि पावडरचा डबा उघडून किती दिवस झाले, हेही विचारावे. ओल धरलेल्या जुन्या टीसीएलमधले क्लोरीन उडून गेलेले असते, नोंद मात्र पूर्ण असते. सोसायटीने टँकर घेतला तर पुरवठादाराकडून भरण्याच्या ठिकाणाची पावती आणि टाकीतल्या पाण्याची क्लोरीन चाचणी, दोन्ही मागावी. त्या चाचणीत ओटीचे थेंब पाण्यात टाकले की पिवळा रंग येतो, तो आला नाही तर टँकर परत पाठवण्याचा अधिकार सोसायटीला करारातच लिहून घेता येतो.

घरी एचटूएस व्हायल वापरणाऱ्यांसाठी एक सूचना : काळी पडलेली बाटली मुलांच्या हाताला लागू देऊ नये. त्यात आता मूळ पाण्यापेक्षा कितीतरी जास्त जिवाणू असतात. ब्लीचिंग पावडरचे द्रावण ओतून, तासभर ठेवून मग ती शौचालयात रिकामी करावी आणि हात साबणाने धुवावेत.